करिंथकरांची राहिलेली वर्गणी

शास्त्रपाठ : २ करिंथ, अध्याय ८ व ९. त्यासोबत १ करिंथ १६:१-४, प्रेषितांची कृत्ये ११:२७-३०, मार्क १२:४१-४४ व लूक १९:१-१० हे भाग घरी वाचून यावे.

पावसाळा तोंडावर आला म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील आमच्या मंडळ्यांत एक प्रश्न हटकून निघतो. यंदा तो कुरुंदवाड येथील शास्त्राभ्यासाच्या वर्गात एका तरुण बंधूने उभे राहून विचारला. तो म्हणाला, "पाळकसाहेब, पूर आला की आमच्यासारख्यांच्या दारी वर्गणीची पेटी येते. ज्यांच्यापाशी कोट्यवधी रुपये आहेत त्यांनी अधिक द्यावे असे पवित्र शास्त्र कोठे सांगते काय? का हे ओझे सदा गरिबानेच गरिबासाठी वाहावे?" वर्गात थोडी कुजबुज झाली. एका वडिलांनी उत्तर दिले की, दुसऱ्याच्या खिशाकडे पाहणे हे ख्रिस्ती मनुष्याचे काम नव्हे. हे उत्तर सोज्ज्वळ आहे. परंतु ते पुरे आहे असे आम्हांस वाटत नाही, कारण प्रेषित पौलाने दुसऱ्यांच्या खिशाकडे चांगले निरखून पाहिले होते, आणि त्याविषयी सबंध दोन अध्याय लिहून ठेविले आहेत. तेव्हा या पाठात त्या दोन अध्यायांचाच विचार करू.

प्रथम आपल्या काठावर काय घडले त्याचे स्मरण करावे. आमचा पूर डोंगरी ओढ्याच्या पुरासारखा येऊन लगेच निघून जाणारा नव्हे. नृसिंहवाडीस पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते, आणि कुरुंदवाडच्या सखल गल्ल्यांत पावलापावलाने चढते. सन २००५ मध्ये असे झाले, २०१९ मध्ये त्याहून भयंकर झाले, आणि २०२१ मध्ये पुन्हा झाले. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूरनजीक राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ५५ फुटांची मर्यादाही मागे टाकली. सांगलीस आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. शिरोळ तालुक्यात नौदलाच्या बोटी आल्या. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसे वाचविण्यास निघालेली नावच उलटली, ही गोष्ट पुष्कळ वाचकांच्या काळजात अजून सलत असेल.

परंतु ज्याने पूर केवळ पाहिला आहे आणि ज्याने भोगला आहे त्यांच्यात एक भेद आहे. पाहणाऱ्याचा पूर पाणी ओसरले की संपतो. भोगणाऱ्याचा तेव्हा सुरू होतो. मातीची भिंत पाण्यात उभी असते तोवर उभी राहते. पाणी उतरले, ऊन पडले, की ती बसते. पहिल्या आठवड्यात तांदूळ, बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या व जुन्या कपड्यांचे ढीग येतात. भिंत तिसऱ्या आठवड्यात पडते, आणि तेव्हा रस्त्यावर एकही मालमोटार दिसत नाही. सरकारने त्या वर्षी प्रत्येक बाधित कुटुंबास खेड्यात १०,००० व शहरात १५,००० रुपये सानुग्रह अनुदान दिले, आणि एका हेक्टरापर्यंतचे पीककर्ज माफ करण्याचा निर्णय केला. हे योग्यच झाले. पण ज्याच्या नावाने सातबाराच नाही, जो दुसऱ्याच्या मळीत भांगलणीस जातो, त्याला पीककर्जाच्या माफीचा काय उपयोग? त्याच्या वाट्यास पडकी भिंत तेवढी आली.

आता शास्त्राकडे वळू. क्लौद्य कैसराच्या अमलात मोठा दुष्काळ पडेल असे अगब नावाच्या संदेष्ट्याने अंत्युखियास सांगितले, आणि तेथील शिष्यांनी प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बंधूंस मदत पाठविण्याचे ठरविले. येथे वर्गशिक्षकांनी दोन शब्दांवर बोट ठेवावे. एक, "प्रत्येकाने", दुसरा, "ऐपतीप्रमाणे". गरिबास त्यातून सूट नाही, आणि श्रीमंतास गरिबाएवढेच देऊन मोकळे होण्याची मुभा नाही. शिवाय हे पाऊल भाकीत ऐकताच उचलले गेले. उपासमारीची वर्णने कानी येईपर्यंत ते थांबले नाहीत.

त्याच दुष्काळाची आणखी एक हकीकत शास्त्राबाहेर, यहूदी इतिहासकार योसेफस याने नोंदविली आहे, आणि ती आजच्या प्रश्नास फारच लागू पडते. अदियाबेने नावाच्या पूर्वेकडील राज्याची राणी हेलेना यरुशलेमेत आली असता तेथील लोक अन्नावाचून मरत आहेत हे तिच्या दृष्टीस पडले. तिने आपले चाकर आलेक्सांद्रियास धाडून पुष्कळ पैशाचे धान्य विकत घेतले, आणि कुप्र बेटातून सुकलेल्या अंजिरांची जहाजे भरून आणविली. तिचा पुत्र इजात राजा यानेही यरुशलेमेच्या पुढाऱ्यांकडे मोठी रक्कम पाठविली. एकीकडे बर्णबा व शौल अंत्युखियाच्या मंडळीची गाठोडी घेऊन येत आहेत, दुसरीकडे राणीची जहाजे येत आहेत. भुकेल्या शहरास दोहोंची गरज होती. अंत्युखियाचे शिष्य मिसर देशाचे धान्य जहाजांनी आणू शकले नसते. तेवढा हात राणीचाच. म्हणून धनवानांच्या मोठ्या दानास नाक मुरडणाऱ्या आमच्या काही बंधूंस आम्ही सांगतो की, काही कामे मोठ्या धनावाचून होतच नाहीत. आमच्याच कोल्हापूर संस्थानात १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली व दुष्काळी कामे काढली. पुढे राधानगरीचे धरण हाती घेतले, ते त्यांच्या पश्चात पुरे झाले. मूठ-मूठ धान्य गोळा करून धरण बांधता येत नाही. (त्याच धरणाचे दरवाजे उघडले की हल्ली आमच्या पोटात गोळा उठतो, हा भाग निराळा.)

आता करिंथकर. करिंथ हे दोन बंदरांचे, व्यापारउदिमाने भरलेले शहर. तेथील मंडळीत गरीब पुष्कळ होते, तरी मासेदोनियाच्या मंडळ्यांशी तुलना करता करिंथ सुखवस्तू होते. यरुशलेमेतील दरिद्री पवित्र जनांसाठी वर्गणी काढावयाची असे ठरले तेव्हा करिंथकरांनी सर्वांच्या आधी हात वर केला. त्यांचा उत्साह पाहून पौलाने मासेदोनियात त्यांची तारीफ केली, आणि ती ऐकून मासेदोनियाकर, जे स्वतः संकटात व कमालीच्या दारिद्र्यात होते, पुढे सरसावले व आपल्या शक्तीपलीकडे देऊन बसले. वर्ष लोटले. गरिबांची रक्कम तयार. ज्यांनी प्रथम वचन दिले त्या सुखवस्तूंची रक्कम अजून गोळाच झाली नाही! आठवा व नववा अध्याय म्हणजे या राहिलेल्या वर्गणीचे स्मरणपत्र होय. औदार्यावरील सुंदर वचने म्हणून आपण ती भिंतीवर टांगतो. परंतु मुळात ते एक तगाद्याचे पत्र आहे, हे विसरू नये.

पौल या पत्रात काय करतो ते पाहा. तो हुकूम सोडत नाही, तसे तो स्पष्टच सांगतो. पण तो गप्पही बसत नाही. तो गरिबांच्या दानाची हकीकत सुखवस्तूंच्या कानी घालतो. ख्रिस्त धनवान असता आपल्यासाठी दरिद्री झाला याची त्यांस आठवण देतो. आरंभ केला तसा शेवटही करा म्हणतो. आणि मग आठव्या अध्यायाच्या तेराव्या-चौदाव्या वचनांत समानतेचे तत्त्व मांडतो. दुसऱ्यास आराम व तुम्हांस ताप व्हावा असा त्याचा हेतू नाही. एकाची विपुलता दुसऱ्याच्या उणिवेस पुरी पडावी, हा आहे. दाखला देतो तो रानातील मान्न्याचा, की ज्याने फार गोळा केले त्याच्यापाशी अधिक उरले नाही. दान म्हणजे श्रीमंताने मर्जी लागली म्हणजे टाकलेला तुकडा, असे येथे कोठेही नाही. साठलेले धन ही एका अर्थी दुसऱ्याची उणीवच आपल्या कोठारात येऊन बसली आहे, असा या वचनांचा रोख आम्हांस दिसतो.

मग किती द्यावे? मंदिराच्या भांडारासमोर बसून प्रभूने जे माप लाविले तेच खरे माप. धनवान पुष्कळ टाकीत होते. विधवेने दोन टोल्या टाकल्या. आणि तिचे दान सर्वांहून अधिक ठरले, कारण तिच्यापाशी मागे काही उरले नाही. प्रभू हातातून पडलेले मोजीत नाही, हातात उरलेले मोजतो. (ज्या विधवेला गावाच्या मोजदादीत धरलेच जात नाही तिला प्रभूने दानाचा दाखला केले. आपल्या शेजारच्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवांचे कुंकू पुसण्याच्या व बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याचे आम्हांस म्हणूनच मोठे कौतुक वाटले.) या मापाने एक साधे गणित वर्गात मांडावे. महिना १०,००० रुपयांवर घर चालविणाऱ्याने १,००० दिले, तर त्याच्या ताटातील भाकरी कमी होते. १,००० कोटींच्या धन्याने दशमांश म्हणून १०० कोटी दिले, तरी ९०० कोटी उरतात व त्याच्या ताटातील काहीच हलत नाही. दोघांनी दशमांशच दिला. परंतु दोघांनी सारखे दिले असे कोण म्हणेल? दशमांश हा गरिबास जेथे शेवट, तेथे अतिधनवानास केवळ उंबरठा होय.

आपल्या देशात कायद्याने याहूनही लहान माप ठरविले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यास लावावयाचे असतात. त्या कामांच्या यादीत आपत्तिनिवारण व पुनर्वसन हे २०१९ च्या मे महिन्यात घातले गेले. हे नफ्याचे २ टक्के, संपत्तीचे नव्हे. आणि कंपनीचे, धन्याच्या घरचे नव्हे. मृत्यूनंतरच्या वारशावरील कर १९८५ मध्ये व संपत्तिकर २०१५ मध्ये रद्द झाला. तेव्हा फार मोठ्या धनाचा फार मोठा भाग आज केवळ धन्याच्या विवेकावर सोपविलेला आहे. सरकार मागत नाही तेथे विवेकाने मागावे, आणि विवेक निजला असेल तर मंडळीने त्यास हाक मारावी.

असे देणारे आहेत, ही गोष्ट सांगितल्यावाचून आम्ही पुढे गेलो तर तो अन्याय होईल. टाटा घराण्यातील वडीलधाऱ्यांनी आपली मालकी धर्मादाय विश्वस्तनिधींच्या हाती दिली. आजही मूळ कंपनीचे सुमारे ६६ टक्के भाग त्या निधींकडे आहेत. अझीम प्रेमजी यांनी २०१९ च्या मार्चात ५२,७५० कोटी रुपयांच्या भागांचे उत्पन्न आपल्या शिक्षणविषयक प्रतिष्ठानास लावून दिले. पाच महिन्यांनी आमच्याकडे पूर आला तेव्हा राज्य सरकारने केंद्राकडे एकंदर ६,८१३ कोटी मागितले, त्यांपैकी कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांसाठी ४,७०८ कोटी. एका मनुष्याने एका वेळी दिलेली रक्कम तीन बुडालेल्या जिल्ह्यांच्या गरजेच्या अकरापटीहून मोठी होती! ती शिक्षणासाठी होती, व मूळधन राखून खर्चावयाची होती, हे खरे. तीतून पूरग्रस्तांची घरे बांधावयास हवी होती असे आमचे म्हणणे नाही. माप कळावे म्हणून सांगितले. अमेरिकेत चक फीनी नावाचे गृहस्थ होऊन गेले. त्यांनी सुमारे ८०० कोटी डॉलर हयातीतच, पुष्कळ वर्षे नाव लपवून, देऊन टाकले, २०२० मध्ये आपली संस्था काम संपले म्हणून बंद केली, आणि २०२३ मध्ये भाड्याच्या घरात राहणारे एक वृद्ध म्हणून ते वारले. सुईच्या नेढ्यातून उंट जाणे देवाला अशक्य नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की, श्रीमंतांचा पैसा तिजोरीत नसतो, धंद्यात असतो, आणि त्यावर हजारोंचे पोट चालते. यात तथ्य आहे. परंतु वर सांगितलेल्या गृहस्थांनी धंदा मोडून दिले नाही. धंद्याचे भाग दिले, आणि धंदे चालू राहिले. तेव्हा ही सबब सर्वस्वी टिकत नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तो असा की, आधी मजुरी नीट द्या, उसाचे पैसे वेळेवर द्या, मग दानधर्म करा. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. आमच्या ऊसतोड्यांच्या मुलखात हे वचन समजावून सांगावे लागत नाही. जक्कयाने दोन्ही गोष्टी एका दमात केल्या हे लक्षात घ्यावे: अर्धे द्रव्य दरिद्र्यांस, आणि जेथे लुबाडले तेथे चौपट परत. चौपट परतफेड हे दान नव्हे, आणि अर्धे दान ही परतफेड नव्हे. एकाच्या नावाखाली दुसरे बुडवू नये.

देण्याच्या रीतीविषयी थोडकेच लिहितो, कारण ते सर्वांस ठाऊक आहे. २०१९ च्या पुरात मदतीच्या धान्याच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे चिकटविलेली निघाली, व वर्तमानपत्रांनी त्याचा समाचार घेतला. कर्णा वाजवून दिलेल्या दानाविषयी प्रभू काय म्हणाला ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. मदतीच्या मोबदल्यात मतेही मागू नयेत आणि बाप्तिस्मेही. जुन्या दुष्काळांत आमच्या लोकांस "पोटासाठी बाटलेले" हा टोमणा ऐकावा लागला, तेव्हा आम्ही तरी या बाबतीत दुप्पट सावध असावे. कुरुंदवाडास गणेशोत्सवात मशिदींतून गणपती बसतो. अशा गावात पूरग्रस्ताची जात व धर्म विचारून ताट वाढणे शोभणार नाही. आणि हिशेब! पौलाने एवढी मोठी रक्कम स्वतः एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, जेणेकरून कोणी दोष लावू नये.

आता त्या तरुण बंधूच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येतो: हे ओझे गरिबानेच का वाहावे? पुरात एका शाळेत निवारा केंद्र होते. तेथे एका शेतमजूर बाईच्या वाट्यास दोन चादरी आल्या. एक तिने परत आमच्या हाती दिली व म्हणाली, "पलीकडच्या शाळेत बाळंतीण हाय, तिला द्या." आम्ही तिला ओझे वाहावयास सांगितले नव्हते. मासेदोनियाकरांसही पौलाने सांगितले नव्हते. उलट त्यांनीच विनवणी करून वाटा मागून घेतला. गरिबाचा देण्याचा हक्क आम्ही काढून घेऊ नये. शिवाय "श्रीमंत" हा शब्द बोलताना आपण सदैव आपल्याहून वर पाहतो. ज्या बंधूचा दहा एकर ऊस उभा आहे व बंगला माथ्यावर आहे, तो खालच्या गल्लीतील मजुरास केवढा धनवान दिसतो! करिंथ मुंबईतच आहे असे नव्हे; ते आमच्या पुढच्या बाकावरही बसलेले असते.

असे असले तरी मोठ्या धनवानांस आठवण देण्याचे कर्तव्य त्यामुळे टळत नाही, आणि येथे आम्हांस स्वतःचा एक दोष कबूल केला पाहिजे. त्याच पुरानंतर बाहेरगावचे एक संपन्न गृहस्थ मोटारी घेऊन आले. चिखलातून फिरले, खरोखर डोळे पुसले, आणि एका गल्लीतील सात कुटुंबांस पक्की घरे बांधून देतो असे सर्वांसमक्ष म्हणाले. सात नावे आम्ही आमच्या हाताने लिहिली. जागेची मापे घेतली. पुढे काही झाले नाही. आम्ही एक पत्र धाडले. उत्तर आले नाही. मग भीड वाटली. एवढ्या मोठ्या माणसास वारंवार काय लिहावयाचे, आपली पायरी ओळखून राहावे, अशा विचाराने आम्ही गप्प बसलो, आणि त्यास नम्रता हे नाव दिले. ते गृहस्थ लबाड होते असे आम्ही म्हणत नाही. कदाचित ते विसरले असतील, जसे करिंथकर विसरले. परंतु करिंथकरांस पौल होता. त्या सात कुटुंबांस आमच्यासारखा पाळक मिळाला.

हा पाठ तयार करताना ती यादी वहीतून पुन्हा काढली. सातांपैकी चौघांनी उसनवारी करून पत्र्याचे छत घातले आहे. एक कुटुंब इचलकरंजीस मागाच्या कामावर निघून गेले. दोन घरांच्या भिंती अद्याप ताडपत्रीच्या आहेत, आणि २०२१ मध्ये तीही एकदा वाहून गेली. वर्गात हे वाचून दाखविले तेव्हा ज्या वडिलांनी दुसऱ्याच्या खिशाकडे पाहू नये म्हटले होते, त्यांनीच विचारले, "पत्ता आहे का त्यांचा?" पत्ता आहे. पत्र नव्याने लिहिले आहे. त्यात रागाचा शब्द नाही, दोन घरांची मापे आहेत, आजच्या भावाने खर्चाचा अंदाज आहे, आणि आमच्या मंडळीने त्या कामासाठी गोळा केलेल्या पैशांचा आकडा आहे, मग तो कितीही लहान असो. ते टपालाने न पाठविता तो तरुण बंधू व ते वडील असे दोघे मिळून येत्या सोमवारी घेऊन जाणार आहेत.